घरच्या प्रिंटरवर दिवाळीची शुभेच्छापत्रं: शाई पुसली जाते, आतलं पान उलटं येतं

पणती

नमस्कार. साठ शुभेच्छापत्रं घरीच छापायची आहेत. यंदा अधिक ज्येष्ठामुळे लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला आहे, त्यामुळे प्रयोगाला वेळ आहे. सामान असं: विंडोजचा कॉम्प्युटर, लिबरऑफिस, शाईच्या टाक्यांचा रंगीत इंकजेट. कागद मागून उभा घालायचा, दोन्ही बाजू आपोआप छापत नाही.

पुण्यात अप्पा बळवंत चौकातून २५० जीएसएमचं (चौरस मीटरला २५० ग्रॅम, म्हणजे जाड) आर्ट कार्ड आणलं. ए-४ आडवं धरून मधोमध घडी, असा आराखडा. चाचणीत एकूण एक गोष्ट बिघडली. शाई दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते. आतला मजकूर उलटा छापला गेला. घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसते. झेंडूचा केशरी विटकरी झाला. आणि ‘शुभ दीपावली’ जरा ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं, तर शिरोरेषेचे तुकडे झाले. कुठून सुरुवात करू?

---

घडीचा कागद

कागदापासून. चित्र सगळ्यात शेवटी.

आर्ट कार्ड ऑफसेटसाठी, म्हणजे छापखान्यातल्या यंत्रासाठी बनतं, लेझरवरही चालतं. त्याच्या पृष्ठभागावर मातीचा घट्ट, बंद लेप असतो. इंकजेटची शाई पाण्याची. ती आत शिरली तर वाळणार, आणि इथे शिरायला वाट नाही. ती वर साचून राहते. आठवडाभर ठेवलंत तरी घामट बोटाला येईलच. प्रिंटरचा दोष नाही, सेटिंगचाही नाही. ते कार्ड लेझरवाल्या कुणाला देऊन टाका.

दुकानात ‘इंकजेट मॅट, दोन्ही बाजूंनी कोटेड’ असं स्पष्ट मागा. ‘दोन्ही बाजूंनी’ हा शब्द विसरलात तर एका बाजूचा कागद गळ्यात पडतो आणि आतला मजकूर फुटतो. २०० ते २२० जीएसएम पुरे. ओळखायची सोपी खूण: बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा. इंकजेटचा लेप असेल ती बाजू बोटाला जराशी चिकटते. आर्ट कार्ड चिकटत नाही. दोन्ही बाजू तपासा.

तो महाग वाटला तर चित्रकलेचा कार्ट्रिज पेपर, १३० ते १५० जीएसएम. त्यावर लेप नसतो, रंग थोडे बसके येतात, पण पणती, रांगोळी, रेषाचित्र छान उठतं. फोटो छापायचा असेल तर मात्र कार्ट्रिज नको.

चकचकीत फोटो पेपर मी या कामात धरतच नाही. मागची बाजू छापता येत नाही, त्यावर पेनाने लिहिता येत नाही, आणि घडी घातली की प्लास्टिकसारखा तडकतो. शिवाय बऱ्याच टाकीवाल्या प्रिंटरमधली काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते. ती चकचकीत लेपावर बसत नाही, खरवडली जाते. म्हणून प्रिंटरला ‘फोटो पेपर’ सांगितलं की तो काळा रंग बाकीच्या तीन शाया मिसळून करतो. आणि चुकूनही फोटो पेपर लेझरमध्ये घालू नका. फ्यूजरच्या, म्हणजे आतल्या तापणाऱ्या भागाच्या उष्णतेने लेप वितळून रोलरला चिकटतो आणि तो भाग बदलावा लागतो.

आता घडी तडकण्याचं कारण. कागदाला ग्रेन असतो, म्हणजे तंतू एका दिशेने पहुडलेले असतात. ग्रेनला समांतर घडी घातली तर सुबक बसते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि रंगाचा थर फुटतो. बाजारातल्या ए-४ कागदाचा ग्रेन बहुतेक वेळा लांब बाजूला, २९७ मिमीच्या दिशेने असतो. तुम्ही ए-४ आडवं धरून मध्ये घडी घातलीत, म्हणजे नेमकी ग्रेनला आडवी.

त्याऐवजी ए-४ उभं धरा, एकाखाली एक अशी दोन कार्डं मांडा आणि छापून झाल्यावर मध्ये कापा. २१० × १४८.५ मिमीचे दोन तुकडे. प्रत्येकाची १०५ मिमीवर उभी घडी. ही घडी ग्रेनला समांतर येते. एका कागदात दोन पत्रं, साठांना तीस कागद. पाच-सहा जास्त घ्या, बिघडणारच आहेत.

ग्रेनबद्दल शंका असेल तर कागद न मोडता दोन्ही दिशांना नुसता वाकवून बघा. जिकडे कमी जोर लागतो, ती ग्रेनला समांतर घडी.

पाकीट मात्र कार्डाच्या आधी आणा. सी-६ पाकीट ११४ × १६२ मिमीचं, त्यात ए-६ घडी मोकळी जाते. पण पेठेतल्या दुकानात पाकिटं इंचाच्या मापात आणि त्या दिवशी जी असतील ती मिळतात. पाकीट पट्टीने मोजा आणि कार्ड दोन्ही बाजूंनी पाच-सहा मिमी लहान धरा. साठ कार्डं कापून झाल्यावर पाकीट शोधायला निघालात की मग पाकिटंही घरीच करावी लागतात.

---

नारायणपेठी

वरचं सगळं बरोबर, फक्त मापात थोडी काटछाट करावी लागेल. पूर्ण १०५ × १४८.५ धरलंत तर रंग काठापर्यंत नेता येणार नाही. घरचे प्रिंटर चारही बाजूंना साधारण ३ मिमी कोरं सोडतात, काही खालच्या बाजूला त्याहून बरंच जास्त. ‘बॉर्डरलेस’ चालू केलं तर प्रिंटर चित्र थोडं मोठं करून कागदाबाहेर सांडतो. मग तुमची मापंही सरकतात आणि पुढची-मागची बाजू जुळत नाही.

दोन मार्ग आहेत. एक, चारही बाजूंना किमान ८ मिमी कोरा काठ ठेवायचा आणि पार्श्वभूमीला रंगच द्यायचा नाही. साठ कार्डं हाताने कापायची असतील तर हाच घ्या. दोन, कार्ड थोडं लहान करून ब्लीड, म्हणजे कापायच्या रेषेबाहेर जास्तीचा रंग, ठेवायचा:

उघडं कार्ड १९६ × १३८ मिमी, घडी ९८ वर.
प्रत्येक बाजूला ३ मिमी ब्लीड, म्हणजे चित्र २०२ × १४४.
दोन कार्डं एकाखाली एक: २०२ × २८८.
ए-४ वर डावी-उजवीकडे ४ मिमी, वर-खाली ४.५ मिमी मोकळे.

मोकळी जागा दोन्हीकडे सारखी ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर कागद उलटल्यावर आतली बाजू सरकते. लिबरऑफिस ड्रॉमध्ये पानाचे सगळे समास शून्य करा, चौकोन काढा आणि एफ-४ दाबून जागा व माप आकड्यांत भरा. माउसने ओढून जुळवायला जाऊ नका.

पानांची मांडणी. बाहेरच्या बाजूला डावा अर्धा म्हणजे मागचं पान, उजवा अर्धा म्हणजे मुखपृष्ठ. आतल्या बाजूला डावीकडे बहुधा कोरं, उजवीकडे मजकूर. दोन्ही बाजू सरळच ठेवायच्या, काही फिरवायचं नाही. ए-४ उभं असल्यामुळे पुस्तकाचं पान उलटतो तसं उलटायचं, म्हणजे लाँग एज. तुमचा आधीचा आराखडा आडवा होता. आडव्याला शॉर्ट एज लागतं, तिथे लाँग एज लावल्यामुळे आतलं उलटं आलं. बाकी काही गूढ नाही.

तुमच्या प्रिंटरला उलटापालट हाताने करायची आहे. साध्या कागदावर पेन्सिलीने वर बाण काढा, ‘समोर’ असं लिहा, तो मागच्या ट्रेमध्ये घालून पहिली बाजू छापा आणि बाण कुठे आला ते बघा. मग उलटून दुसरी. जमलं की कसा धरला होता ते प्रिंटरवरच चिठ्ठी चिकटवून लिहून ठेवा. दहाव्या कागदाला हमखास विसरायला होतं.

छापताना:

पीडीएफ करा आणि पीडीएफमधूनच छापा. ‘ॲक्चुअल साइज’ किंवा १०० टक्के निवडा. ‘फिट’ ठेवलंत तर सगळं दोन-चार टक्के आक्रसतं आणि घडी चित्राच्या मधोमध येत नाही. खात्री करायची तर पानावर कुठेतरी बरोबर १०० मिमीची रेघ काढा आणि छापून पट्टीने मोजा.

कागदाचा प्रकार ‘मॅट’ सांगा. किती शाई टाकायची हे प्रिंटर या एका सेटिंगवरून ठरवतो. मॅटवर ‘प्लेन’ ठेवलं तर फिकं येतं, कार्ट्रिजवर ‘फोटो’ ठेवलं तर शाई पसरते.

एका वेळी एकच कागद घाला. गठ्ठा घातला की जाड कागद तिरका ओढला जातो.

सगळ्या बाहेरच्या बाजू आधी छापा, पसरून वाळू द्या, मग आतल्या. मॅटला पंधरा-वीस मिनिटं ठीक, गडद रंग जास्त असेल तर तासभर. पहिली बाजू ओली असताना दुसरी छापली की रोलर त्यातूनच जातो आणि पुढच्या कागदांवर त्याच्या ठिपक्यांची रांग उमटत राहते.

कागदाच्या कडेला काळे फरकाटे आले तर हेड (शाई फवारणारा भाग) कडेला घासतंय. कागद वक्र झालेला असतो. उलट बाजूने हलकेच वाकवून सपाट करा आणि ड्रायव्हरमध्ये जाड कागदाचा पर्याय असेल तो लावा. माहितीपुस्तकात जाडीची मर्यादा दिलेली असते, ती एकदा वाचा. तुमचा मागून घालायचा आहे हे बरंच आहे. समोरच्या ट्रेवाले प्रिंटर कागद अर्धा वळसा घालून नेतात, तिथे २२० जीएसएम अडकतो.

पुढची-मागची बाजू घरच्या प्रिंटरवर एक-दीड मिमी इकडेतिकडे होणारच. त्यामुळे कापायच्या रेषेजवळ बारीक चौकट काढू नका. एका बाजूला २ मिमी आणि दुसऱ्या बाजूला ४ मिमी उरली की ते सगळ्यांना दिसतं. चौकटच नसेल तर कुणालाच काही दिसत नाही.

घडी. कापण्याआधी क्रीझ, म्हणजे घडीच्या रेषेवर खाच, पाडा. शाई संपलेलं बॉलपेन, स्टीलची पट्टी, खाली जुन्या वहीची चार पानं. पेन बाहेरच्या, म्हणजे मुखपृष्ठाच्या बाजूने दाबून एकदाच ओढा. आतल्या बाजूला बारीकसा उंचवटा उठेल. घडी अशी घाला की तो उंचवटा घडीच्या आत राहील. बरेच जण उलट करतात, खाचेत घडी घालतात, आणि बाहेरचा थर ताणून फाडतात. मग चमच्याच्या पाठीने घडी दाबा, पण मध्ये कोरा कागद ठेवून, नाहीतर छपाईवर चकाकी उठते.

कापताना नवं पातं घ्या, दोन-तीन हलके हात मारा, पट्टी कार्डाच्या अंगावर ठेवा. हात सरकला तर चीर टाकाऊ भागात जाते.

केशरीचं असं आहे की पडदा प्रकाश फेकतो आणि कागदावर चारच शाया असतात. झेंडूचा झगमगीत केशरी पिवळ्या-किरमिजीत बसत नाही. आरजीबीचं (पडद्याचे रंग) सीएमवायके (छपाईच्या चार शाया) करून द्यायचा सल्ला कुणी देईल, तो प्रेससाठी. घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर आरजीबीच मागतो, तुम्ही बदलून दिलंत तर तो पुन्हा बदलतो आणि रंग आणखी मळतो. पिवळ्याकडे झुकणारे पाच-सहा केशरी चौकोन एका पट्टीत काढा, त्याच कागदावर छापा, दिवसाच्या उजेडात बघून एक निवडा. ट्यूबलाइटखाली निवडू नका. त्याआधी नोझल चेक, म्हणजे प्रिंटरची शाईची चाचणी छापा. पिवळ्याच्या रेघा तुटक असतील तर सगळी पट्टी फुकट.

---

जोडाक्षर

शिरोरेषेचं उत्तर एका ओळीचं आहे: देवनागरीत अक्षरांमधलं अंतर शून्यच ठेवायचं. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना फाकवता येतं. आपली अक्षरं रेषेवर टांगलेली. ऐसपैस हवं तर टाइप मोठा करा किंवा मुळातच रुंद वळणाचा फॉन्ट घ्या. कॅनव्हावाल्यांनी विशेष लक्ष द्या, तिथल्या तयार नमुन्यांत इंग्रजी शीर्षकाला अंतर दिलेलं असतं आणि त्यावर मराठी टाइप केलं की ते तसंच लागू होतं.

फॉन्ट. मजकुराला मुक्त किंवा तिरो देवनागरी मराठी, शीर्षकाला बालू, यात्रा वन किंवा मोदक. सगळे मोफत आणि युनिकोड. मोदक फार जाड आहे, त्यात दोन शब्दांपलीकडे काही लिहू नका. जोडाक्षरांच्या फटी बुजतात.

ल आणि श बघून घ्या. पुष्कळ फॉन्टांत मूळ वळण हिंदी धाटणीचं असतं आणि मराठी वळण आत दडलेलं असतं. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी लावली तरच ते बाहेर येतं. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तिथे मराठी निवडा. तिरोची मराठी आवृत्ती वेगळीच आहे, तिच्यात हा खटाटोप नाही. शासनाच्या २००९ च्या निर्णयातही याच मराठी वळणाचे ल आणि श दिले आहेत. ‘शुभ’ आणि ‘लक्ष्मी’ हेच दोन शब्द कार्डावर सगळ्यात मोठे असणार, तेव्हा हे दिसतं.

लिबरऑफिसची आणखी एक खोड. तिथे देवनागरी आणि रोमन यांचे फॉन्ट आणि आकार वेगवेगळे ठेवलेले असतात. तुम्ही आकार बदलता आणि मराठी तेवढंच राहतं, कारण बदल वेस्टर्न रकान्यात झालेला असतो. कॅरेक्टरच्या खिडकीत दोन्ही रकाने बघा. वर्डमध्येही फॉन्टच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ असा वेगळा रकाना आहे.

‘येणाऱ्या’ हा शब्द शुभेच्छापत्रात हटकून येतो आणि हटकून चुकतो. ‘येणार्या’ असा रफार नको, ऱ्य हवा. त्यासाठी र नाही, नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कळफलकात र ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की ऱ येतो.

जुन्या श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टातला गेल्या वेळचा मजकूर उघडलात आणि रोमन अक्षरांचा चिवडा दिसला तर दुरुस्त करत बसू नका. ते युनिकोड नाही, रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. चार ओळी नव्याने टाइप करणं लवकर होतं.

अक्षरांना सोनेरी किंवा लाल किनार द्यायची असेल तर तीही एक फसवी जागा. किनार दिली की दोन अक्षरं जिथे एकमेकांवर चढतात तिथे सांधे दिसायला लागतात, काना वेगळा, वेलांटी वेगळी. इंकस्केप या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये मजकुरावर ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ (अक्षरांचे नुसते आकार होतात), मग अनग्रुप, मग ‘युनियन’. आता पूर्ण शब्द हा एकच आकार झाला. किनार त्याला द्या. मात्र मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवा, पाथ झाल्यावर अक्षर दुरुस्त करता येत नाही.

आतला मजकूर १४ ते १६ पॉइंट. ९ च्या खाली गेलात की कार्ट्रिजवर मात्रा-अनुस्वार एक होतात. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं हवी असतील तर सेमीबोल्ड घ्या, शाई पसरून बारीक अक्षरं खाल्ली जातात.

आणि छापण्याआधी हे चार शब्द. ‘दिवाळी’ ऱ्हस्व, पण ‘दीपावली’ दीर्घ. ‘शुभेच्छा’, ‘शुभेच्या’ नव्हे. ‘लक्ष्मीपूजन’, पू दीर्घ. ‘कुटुंबीय’, बी दीर्घ. साठ पाकिटांतून ‘दिपावली’ गेली तर पुण्यात निदान दहा फोन येतील, आणि ते आभाराचे नसतील.

---

पणती

खूपच उपयोगी. ड्रॉमध्ये नवीन मापं टाकून साध्या कागदावर छापलं, दोन्ही बाजू बरोबर आल्या. तीन प्रश्न उरले आहेत. मुखपृष्ठावर फोटोऐवजी ठिपक्यांची रांगोळी काढायची ठरवलं आहे, ती नीट कशी काढावी? ‘शुभ दीपावली’ सोनेरी करता येईल का? आणि हातकागद वापरता येईल का?

---

ठिपका

रांगोळी ठरवलीत ते उत्तम. शाई कमी लागते, कागद वाकत नाही आणि कितीही मोठी केली तरी फुटत नाही. फोटोचं तसं नसतं. ए-६ पान भरायला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) १२४० × १७४८ पिक्सेल लागतात. व्हॉट्सअॅपवरून साधा पाठवलेला फोटो आक्रसलेला असतो. फोटो घ्यायचाच झाला तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा.

इंकस्केपमध्ये ‘१५ ते ८’ घ्या, एकाआड एक ठिपके. मधली ओळ पंधराची, वर आणि खाली एकेक कमी होत आठापर्यंत. एकूण पंधरा ओळी, १६९ ठिपके.

दोन ठिपक्यांत ५.५ मिमी. मधल्या ओळीची रुंदी १४ × ५.५ = ७७ मिमी. ९८ च्या मुखपृष्ठावर दोन्हीकडे दहा मिमीच्या वर मोकळं राहतं. ओळींमधलं अंतर ५.५ नाही, ४.७६ मिमी ठेवायचं (५.५ गुणिले ०.८६६). इथेच सगळे चुकतात. ५.५ ठेवलं तर षट्कोन उभा ताणला जातो, पाकळ्या लांबोळक्या होतात आणि नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही. प्रत्येक ओळ अर्ध्या अंतराने, २.७५ मिमी, सरकवायची.

ठिपका ०.८ मिमी व्यासाचा. ओळी काढून झाल्या की त्यांचा लेयर कुलूपबंद करा आणि स्नॅप चालू ठेवून वरच्या लेयरवर रेषा काढा. पूर्ण रांगोळी काढायची गरज नाही. षट्कोनाचा सहावा भाग काढा, त्याच्या प्रती घ्या आणि ६० अंशांनी फिरवत जा. फिरवण्याआधी वस्तूचा मधला बिंदू, जो क्रॉससारखा दिसतो, तो ओढून रांगोळीच्या मधल्या ठिपक्यावर ठेवा. तो तुकड्याच्याच मध्यावर राहिला तर पाकळ्या जागच्या जागी भिरभिरतात.

रेषा १.२ मिमीच्या खाली नको, टोकं गोल. हाताची रांगोळी चिमटीतून पडते, तिला टोकदार कोपरे नसतात. ठिपके शेवटी लपवू नका. ठिपक्यांशिवाय ती टाइल्सची नक्षी दिसते.

आयती चित्रं इंटरनेटवरून उचलणाऱ्यांसाठी जाता जाता: देवीचं जुन्या वळणाचं चित्र हवं असेल तर राजा रविवर्म्याची लक्ष्मी हक्कमुक्त आहे. ते १९०६ मध्ये गेले, आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतर साठ वर्षं. त्यांचा छापखानाही इथून लांब नव्हता, लोणावळ्याजवळ मळवलीला.

---

नारायणपेठी

सोनेरी: प्रिंटरमधून सोनं निघत नाही. कॉम्प्युटरवर पिवळ्या-तपकिरीचा उतार केला तर तो पडद्यावर चमकतो, कागदावर त्याची मोहरी होते.

खरी चकाकी हवी तर टोनर फॉइल. त्यासाठी अक्षरं लेझरवर काळी छापलेली हवीत. त्यावर फॉइलचा तुकडा, सोनेरी बाजू वर, आणि ते गरम लॅमिनेटरमधून काढायचं. टोनर म्हणजे प्लास्टिकची पूड, उष्णतेने मऊ होते आणि फॉइल धरून ठेवते. गार झाल्यावरच फॉइल सोला. इंकजेटच्या शाईवर हे होत नाही, कितीही तापवा. आणि रंगीत भागही लेझरवरच छापला असेल तर फॉइल तिथेही चिकटते, त्यामुळे सोन्याचा भाग आधी, बाकीचा रंग नंतर.

तुमच्याकडे इंकजेट आहे, तर क्रम असा ठेवा. फक्त ‘शुभ दीपावली’ बाहेर लेझरवर काळं छापून आणा, फॉइल लावा आणि मग तोच कागद घरी इंकजेटमध्ये घालून रांगोळी छापा. रोलरने फॉइल ओरखडतं का, ते एका कागदावर आधी बघा. इंकजेटचा मॅट कागद लेझरवाला घालू देईलच असं नाही. लेप त्याच्या मशीनला चालतो का ते पाकिटावर वाचा, लिहिलेलं नसेल तर नको. कार्ट्रिजला ही अडचण नाही.

एवढं नको असेल तर सोनेरी जेल पेन. प्रत्येक कार्डावर फक्त पणतीची ज्योत रंगवा. साठ ज्योती, अर्धा-पाऊण तास. मला विचाराल तर हेच जास्त देखणं दिसतं.

सगळंच बाहेरून छापून घ्यायचं ठरलं तर १३ × १९ इंची शीटमध्ये तुमची चार कार्डं ब्लीडसह सहज बसतात, साठांना पंधरा शीट. मग आर्ट कार्डच द्या, क्रीझिंगही तिथेच होतं. फाइल पीडीएफ, अक्षरं पाथ केलेली. मूळ फाइल दिलीत आणि तिथे ती कोरल ड्रॉच्या जुन्या आवृत्तीत उघडली गेली तर जोडाक्षरं फुटतात आणि पहिलं प्रूफ बघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

---

घडीचा कागद

हातकागद थेट प्रिंटरमध्ये घालू नका. कडा दातेरी असतात, प्रिंटरचा सेन्सर कागदाचं टोक चुकवतो. सुटे तंतू रोलरला आणि हेडला चिकटतात. जाडी एकसारखी नसते, आणि लेप नसल्यामुळे शाई टिपकागदासारखी पसरते.

पण वापरा जरूर. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्याचे वेगवेगळ्या जाडीचे आणि रंगांचे कागद मिळतात. कार्डाचं अंग हातकागदाचं करा आणि रांगोळी कार्ट्रिजवर छापून चौकोन कापून त्यावर चिकटवा. ८५ मिमीचा चौकोन ९८ मिमीच्या मुखपृष्ठावर नीट बसतो. ओला फेविकॉल पातळ कागदाला सुरकुत्या पाडतो, म्हणून ग्लू स्टिक किंवा दुहेरी टेप, चारही कडांना. हातकागद कात्रीने कापू नका. जिथे तोडायचा तिथे पाण्याची बारीक रेघ ओढा, मिनिटभर मुरू द्या, पट्टी दाबून फाडा. कडा पुन्हा दातेरी येते. रंगीत हातकागदावर पांढरं छापायचा विचार असेल तर सोडून द्या. प्रिंटरकडे पांढरी शाई नसते, तिथे फक्त कागदाचा रंग दिसतो.

ज्यांचा प्रिंटर जाड कागद घेतच नाही त्यांच्यासाठी एक जुनी युक्ती, चौघडी. १०० ते १२० जीएसएमचा बाँड, एकाच बाजूने छपाई, दुसरी बाजू उलटायची कटकटच नाही. ए-४ उभं, चार चौकोन. खालचा उजवा मुखपृष्ठ, खालचा डावा मागचं पान, दोन्ही सरळ. वरचे दोन्ही चौकोन १८० अंशांत फिरवलेले, त्यात मजकूर वरच्या डाव्या चौकोनात. छापलेली बाजू बाहेर ठेवून आधी वरचा अर्धा मागे दुमडा, मग पुस्तकासारखी घडी. मजकूर आत उजव्या पानावर सरळ येतो. दुसरी घडी जाड होते, तिला क्रीझ पाडलीच पाहिजे.

---

पणती

चौघडी साध्या कागदावर करून बघितली, मजकूर खरंच उजवीकडे सरळ आला. तरी कार्ट्रिज, रांगोळी आणि सोनेरी ज्योत असं ठरवते. शेवटचं: अर्धी पोस्टाने जाणार आहेत. वजनाचं काय? आणि पत्ते लेबलवर छापू का?

---

नारायणपेठी

जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममध्ये वजन, त्यामुळे काट्याशिवायही कळतं. उघडं १९६ × १३८ मिमीचं कार्ड ०.०२७ चौरस मीटर. १५० जीएसएम कार्ट्रिजचं ४ ग्रॅम, २२० मॅटचं ६ ग्रॅम. पाकीट साधारण ४-५ ग्रॅम. पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात आरामात बसतं. हातकागदाचं अंग, वर चिकटवलेलं चित्र आणि जाड पाकीट असेल तर मात्र एक नमुना तोलून घ्या. टिकल्या, आरसे, मणी चिकटवलेलं कार्ड साध्या टपालाने पाठवू नका. शिक्क्याखाली आरसा फुटतो आणि पाकीट फाटतं.

पत्त्यांसाठी ए-४ वर चोवीस लेबलं येतात ती घ्या, ६४ × ३४ मिमीची. लिबरऑफिसमध्ये पत्त्यांची यादी कॅल्कमध्ये, मग मेल मर्ज (यादीतला एकेक पत्ता आपोआप लेबलवर बसतो). आधी साध्या कागदावर छापून लेबलच्या पानामागे धरून उजेडात बघा, खालच्या ओळीपर्यंत जुळतंय का ते. इंकजेटने छापलेली लेबलं ओली झाली की पसरतात, त्यावर पारदर्शक टेप लावा.

आत मात्र ‘ती. काका’, ‘चि. सौ.’ वगैरे पेनानेच लिहा. मॅटवर जेल पेन वाळायला वेळ घेतं, बॉलपेन किंवा शाईचं पेन ठीक. लिहून झाल्यावर लगेच घडी घालू नका, समोरच्या पानावर उमटतं.